प्रकल्प नोंदी: हिऱ्याचं जालक आणि त्यातली एक मोकळी जागा

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला विभागातर्फे काय ठेवायचं, ते ठरवायला तृतीय वर्षाच्या मुलांबरोबर बसले. दरवर्षीचे तेच ते प्रयोग यंदा नकोत, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. मग काय, यात तासभर गेला. शेवटी हिरा. माझं कारण तसं स्वार्थी आहे. हिऱ्याची रचना मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि दरवर्षी मुलं ती उत्तरपत्रिकेत मोडून-तोडून परत करतात. फळाच सपाट, त्याला मुलं तरी काय करणार.

ठरलं ते असं. आधी लाकडी गोळ्यांचं मोठं मॉडेल, आत हात घालता येईल एवढं. त्यात मुद्दाम एक दोष ठेवायचा: एका कार्बनच्या जागी नायट्रोजन, आणि त्याला खेटून असलेली एक जागा मोकळी. संशोधक याला एनव्ही (नायट्रोजन-व्हेकन्सी) केंद्र म्हणतात. आणि मग हाच दोष खऱ्या हिऱ्यात उपकरणं लावून दाखवायचा. या शेवटच्या भागाला टाळ्या पडल्या. पैसे कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही.

मापं वहीत टिपून ठेवते. दोन कार्बनमधलं अंतर १.५४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). एकक घन, म्हणजे जो पुन्हा पुन्हा रचत गेलं की अणूंचं सगळं जालक बनतं तो छोटा घन; त्याची बाजू ३.५६७ अँगस्ट्रॉम. दोन बंधांमधला कोन १०९.४७ अंश. आमचं प्रमाण: १ अँगस्ट्रॉमला ५ सेंमी, म्हणजे ५० कोटी पट मोठं. त्या हिशेबाने गोळ्यापासून गोळा ७.७ सेंमी.

१४ नोव्हेंबर

लाकडाला हात लावण्याआधी थर्मोकोलचे गोळे आणि टूथपिक घेऊन एक घन उभा करून पाहिला. आठ कोपरे, सहा पृष्ठांच्या मध्यावर सहा, आत चार. एकूण १८ गोळे. मुलं काड्या खोचत गेली आणि मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, चार गोळे अधांतरीच हायेत की."

मी आधी त्यालाच चुकीचं ठरवलं. मग मोजलं. आतल्या प्रत्येक गोळ्याला चार काड्या, म्हणजे एकूण १६. त्यातली एक कोपऱ्याला, तीन पृष्ठांच्या मध्यांना जाते. आत गोळे चारच, त्यामुळे कोपरेही चारच जोडले जातात. उरलेल्या चार कोपऱ्यांना या घनात एकही बंध नाही. त्यांचे बंध शेजारच्या घनांत आहेत. पुस्तकातल्या आकृतीत घनाच्या कडा रेघांनी काढलेल्या असतात, म्हणून ते गोळे टेकल्यासारखे दिसतात. सतरा वर्षं शिकवतेय आणि हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं.

त्याच बैठकीत गोळ्यांचा हिशेबही करून घेतला. कोपऱ्यातला गोळा आठ घनांमध्ये वाटलेला, पृष्ठावरचा दोघांत, आतला सगळा आपला. १ + ३ + ४ = ८. परीक्षेत १८ लिहिणाऱ्यांची संख्या यंदा घटावी.

निर्णय: घन करायचाच नाही. बंधाच्या दिशेने एकावर एक थर रचत जायचं. तसं मॉडेल आपल्या पायावर उभं राहील.

१८ नोव्हेंबर

उद्यमनगरातल्या एका सुताराकडे गेलो. ३० मिमीचे गोळे त्याच्याकडे तयार मिळाले, १०८ घेतले. अडचण भोकांची. प्रत्येक गोळ्यात चार भोकं हवीत, कोणत्याही दोघांत १०९.४७ अंश. कोन ऐकून तो हसला. "बाई, अंश-बिंश नको. उतार सांगा."

कागदावर करून दिलं. या कोनाची कोज्या बरोबर उणे एक-तृतीयांश येते, त्यामुळे उतार फार सोपा निघतो: आडवं २८.३ सेंमी गेलं की १० सेंमी खाली. गोळ्यात पहिलं भोक पाडायचं, त्यात दांडी ठोकायची, ती दांडी या उताराच्या पाचरेवर खाली झुकवून धरायची आणि वरून ड्रिल सोडायचं. मग दांडी स्वतःभोवती १२० अंश फिरवून तिसरं, पुन्हा फिरवून चौथं.

परवा मतदान. माझी ड्यूटी लागली आहे, त्यामुळे दोन दिवस प्रकल्प बंद.

२५ नोव्हेंबर

बारा गोळे वाया गेले. दांडी खाली झुकवण्याऐवजी पाचर उलटी लावून वर झुकवली गेली. कोन १०९.४७ ऐवजी ७०.५३ झाला आणि चारही भोकं गोळ्याच्या एकाच बाजूला जमा झाली. दोष सुताराचा नाही. मी दिलेल्या कागदावर वर-खाली लिहिलेलंच नव्हतं. ते बारा गोळे एका डब्यात भरून कपाटावर ठेवले. उरलेले ९६ व्यवस्थित.

३ डिसेंबर

मॉडेल उभं राहिलं. दांड्या बांबूच्या, ६७ मिमी लांब, दोन्ही टोकांना १० मिमी आत. चिकटवल्या नाहीत, नुसत्या घट्ट बसवल्या, म्हणजे गोळा काढता येईल. संध्याकाळच्या उन्हात टेबलावर बरं दिसत होतं.

पण काही तरी खटकत होतं. हिऱ्यात एका विशिष्ट कोनातून पाहिलं की षटकोनी बोगदे आरपार दिसतात. आमच्यात ते मध्येच बंद होत होते. तासभर शोधल्यावर सापडलं. तिसरा थर बसवताना गटातल्या दोघींनी तो ६० अंशांनी फिरवून बसवला होता. उभ्या दांडीच्या रेषेत डोळा लावून वरून पाहिलं तर खालच्या गोळ्याच्या तीन दांड्या आणि वरच्याच्या तीन एकमेकींच्या बरोबर मागे लपत होत्या. हिऱ्यात त्या एकमेकींच्या फटींतून दिसायला हव्यात.

मुली ओशाळल्या. मी मात्र खूश. प्रत्येक गोळ्याला चारच बंध, लांबी तीच, कोन तोच, एकही भोक रिकामं नाही, आणि तरीही स्फटिक वेगळा! प्रत्येक थर असाच बसवत गेलं तर जे बनतं त्याला लॉन्सडेलाइट म्हणतात, षटकोनी हिरा. १९६७ साली अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो उल्केत तो ओळखला गेला, आणि स्फटिकतज्ज्ञ कॅथलीन लॉन्सडेल यांचं नाव त्याला दिलं गेलं. एखाद-दुसरा थरच असा बसला तर तो रचनेतला दोष. वाढत्या हिऱ्यात असा एक थर पडून पुढची सगळी वाढ आरशातल्यासारखी झाली की जुळा स्फटिक होतो. चपटे तिकोनी खडे असतात ते असेच.

फोटो काढून ठेवले. मग थर सोडवून नीट बसवला. दीड तास गेला, दोन दांड्या मोडल्या.

६ डिसेंबर

थरांमधली अंतरं मोजली. गोळे जोडीजोडीने बसलेले दिसतात: दोन थर जवळ, मध्ये २.६ सेंमी, मग लांब उडी, ७.७ सेंमी, पुन्हा २.६. एकास तीन.

या एकास तीनमध्येच ब्रॅग पितापुत्रांची १९१३ची किल्ली आहे. हिऱ्यावरून क्ष-किरण परावर्तित करताना या थरांकडून पहिला ठिपका आला, तिसरा आला, पण दुसरा गायब. थर समान अंतरावर असते तर तो यायला हवा होता. जोडीतला दुसरा थर एक-चतुर्थांश अंतरावर असल्यामुळे दुसऱ्या ठिपक्याच्या वेळी त्याची लाट पहिल्याच्या बरोबर उलटी पडते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. फूटपट्टीने हे दाखवल्यावर एकीने विचारलं, की नसलेल्या ठिपक्यावरून त्यांनी रचना काढली? हो, बऱ्याच अंशी.

आणि पैलू पाडणारे कारागीर हिरा ज्या दिशेने फोडतात, ती फट या लांब उडीतूनच जाते. तिथे एका गोळ्यामागे एकच दांडी तोडावी लागते.

१२ डिसेंबर

गुजरीत, ओळखीच्या सराफांच्या पेढीवर. ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घेऊन गेलो. काका आधी साशंक होते, पण दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी स्वतःच्या आईच्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या काढल्या. हातात दिल्या नाहीत. शटर अर्धं ओढून, काळ्या मखमलीवर ठेवून टॉर्च स्वतःच मारली.

चौदातले तीन निळे झाले. एक तर असा, की जणू आत गॅसची ज्योत पेटलीय. बाकीचे अकरा अंधारात गडप. उजेडात चौदाही सारखेच पाणीदार! "असल्या लई निळ्याला भाव जरा कमी येतो," काका म्हणाले, "आईला ठाऊक नव्हतं ते बरं."

निळा उजेड येतो तीन नायट्रोजन अणूंच्या मधोमध असलेल्या एका मोकळ्या जागेतून. नायट्रोजन हिऱ्यात शिरतो तेव्हा एकेकटा असतो. पण नैसर्गिक हिरे भूगर्भात हजार अंशांच्या वर कोट्यवधी वर्षं काढतात, आणि तेवढ्या अवधीत तो सरकत सरकत दुसऱ्याला गाठतो. आधी जोड्या होतात, मग एका मोकळ्या जागेभोवती चौघांचं कोंडाळं. तिघांची टोळी ही त्या वाटेवरची. प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कारखान्यात काही दिवसांत वाढवलेल्या हिऱ्यात नायट्रोजनला एवढी सवड नसते; तो एकेकटाच राहतो आणि निळा प्रकाश शोषून खडा पिवळा करतो. आम्हाला हवा असलेला दोष बनवायला हाच एकटा नायट्रोजन लागतो.

परतताना रिक्षात हिशेब केला. एका कॅरेटमध्ये, म्हणजे ०.२ ग्रॅममध्ये, कार्बनचे अणू साधारण १ वर २२ शून्यं. दहा लाखांत एक नायट्रोजन धरला तरी त्यांची संख्या १ वर १६ शून्यं.

१८ डिसेंबर

यशस्वी!!! एका फाउंड्रीच्या तपासणी प्रयोगशाळेतून बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, नमुने चकचकीत करायची हिऱ्याची पेस्ट मिळाली. एनव्ही केंद्र हिरव्या उजेडात लाल चमकतं, म्हणून काचपट्टीवर थोडी फासली, हिरवा लेसर मारला, लाल गाळणीतून पाहिलं. लखलखीत तांबडा उजेड. "मॅडम, चमकायलंय बघा!" म्हणून मुलांनी शेजारच्या रसायनशास्त्र विभागालाही बोलावून आणलं. फोटो ग्रुपवर गेले.

१९ डिसेंबर

कालच्या नोंदीतली तिन्ही उद्गारचिन्हं मागे घेते.

रात्री झोप लागेना. अशी पूड साधी घासायची असते. तिच्यात आम्हाला हवी तेवढी एनव्ही केंद्रं असायचं कारण नाही. ती मुद्दाम बनवावी लागतात: इलेक्ट्रॉनांचा मारा करून कार्बन उडवायचे, मग हवेशिवाय ८०० अंशांच्या आसपास तापवायचं, म्हणजे मोकळ्या जागा भटकत जाऊन नायट्रोजनजवळ अडकतात. सकाळी पेस्ट अ‍ॅसिटोनमध्ये तीनदा धुतली. पूड राखाडी झाली, अ‍ॅसिटोन लाल झालं. पूड लेसरखाली गप्प. चमकत होतं ते अ‍ॅसिटोन. अशा पेस्ट दाण्याच्या आकाराप्रमाणे रंगवलेल्या असतात, आणि आम्ही रंग पाहून नाचलो होतो.

फळ्यावर नियम लिहिला: यापुढे प्रत्येक मापाआधी काच नुसती, डिंक नुसता, आणि धुतलेली साधी पूड, असे तिन्ही मोजायचे. ग्रुपवर खुलासा टाकायचं काम ज्याने फोटो टाकले होते त्यालाच दिलं.

२८ डिसेंबर

जर्मनीत पीएचडी करणारा आमचा जुना विद्यार्थी नाताळच्या सुट्टीत घरी आला आहे. त्याने एक कुपी आणली. आत दोन पुड्या: एकीत पिठासारखी बारीक हिऱ्याची पूड, दुसरीत १५० मायक्रॉनच्या आसपासचे मोजके दाणे. दोन्हींत मुद्दाम बनवलेली एनव्ही केंद्रं, दहा लाख अणूंमागे सुमारे तीन. दाणे नुसत्या डोळ्यांना गुलाबी वाळूसारखे. हिरव्या लेसरखाली काच नुसती: काही नाही. डिंक नुसता: काही नाही. धुतलेली पेस्ट: काही नाही. हे दाणे: निखारा.

कुणीही टाळी वाजवली नाही. शिकली पोरं.

२ जानेवारी २०२५

उजेडाची वीज करणारा फोटोडायोड, ती वाढवणारा ऑपअँप, १ मेगाओहमचा रोध, हे सगळं पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात बसवलं. समोर लाल गाळणी. मीटरवर आकडा झकास. नमुना काढून घेतला तरी आकडा जवळजवळ तसाच.

याचं उत्तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने दिलं. आमचा लेसर स्वस्तातला, पेनाच्या आकाराचा. त्याच्या आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो, तो एका स्फटिकातून १०६४ काढतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२चा हिरवा करतो. स्वस्त पेनात आधीचे दोन्ही गाळलेले नसतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, लाल गाळणीतून बिनदिक्कत पार होतात, आणि सिलिकॉनच्या फोटोडायोडला ८०८ तर हिरव्यापेक्षाही जास्त आवडतो. डोळ्यांनाही धोका आहे तो वेगळाच. आमचे चष्मे फक्त हिरवं अडवणारे होते.

नवी गाळणी मागवायला पैसे नाहीत. विभागाच्या शिपाईमामांना आठवलं, की माळ्यावर जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. त्यात दिव्याची उष्णता स्लाइडपर्यंत जाऊ नये म्हणून फिकट हिरवट जाड काच असते. ती काढली, पुसली, लेसरच्या तोंडाशी लावली. आकडा बहुतेक सगळा खाली आला. नमुना ठेवला की वर.

९ जानेवारी

मुख्य प्रयोग. लाल उजेड चालू असताना नमुन्याजवळ तांब्याच्या तारेची छोटी कडी ठेवून तिच्यातून मायक्रोवेव्ह सोडायच्या आणि त्यांची वारंवारता हळूहळू बदलत न्यायची. २.८७ गिगाहर्ट्झला, म्हणजे घरच्या वायफायच्या २.४च्या जरा वर, उजेड किंचित मंदावायला हवा.

का, ते मॉडेलवरून सांगितलं. एक गोळा लाल रंगवून नायट्रोजन केला आणि शेजारचा काढून घेतला. मोकळ्या जागेत चार दांड्या डोकावत राहिल्या. तीन कार्बनच्या, प्रत्येकीवर एक इलेक्ट्रॉन. नायट्रोजनच्या दांडीवर दोन. झाले पाच. सहावा दूरच्या कुठल्या तरी दुसऱ्या नायट्रोजनकडून उसना येतो. या सहांतले दोन बिनजोडीचे, त्यांचं मिळून एक छोटं चुंबक. त्याच्या एका स्थितीत केंद्र हिरवा प्रकाश खाऊन भरपूर लाल देतं. दुसऱ्या स्थितीत त्यातला काही वाटा आडवाटेने, लाल न देता खाली उतरतो. पहिल्या स्थितीतून दुसरीत ढकलायला लागणारी वारंवारता म्हणजे ती २.८७.

एवढं सगळं सांगून झालं आणि आलेखावर सरळ रेघ आली. कडी नमुन्यापासून पाच मिमी दूर होती, एक मिमीवर आणली. तरी सरळ रेघ. मायक्रोवेव्ह देणाऱ्या बोर्डातून निघणारी शक्ती फारच कमी पडतेय, असा अंदाज. छोटा अँप्लिफायर मागवला, हा खर्च माझ्या खिशातून.

(गोळा काढल्यावर मॉडेल ढिलं पडेल असं वाटलं होतं. हलवून पाहिलं. जराही नाही.)

१४ जानेवारी

संक्रांत, सुट्टी. तरी चौघं आले. तिळगूळ टेबलाच्या एका टोकाला, लेसर दुसऱ्या.

११.४० वाजता, दोनशे फेऱ्यांची सरासरी घेतल्यावर, २८७० मेगाहर्ट्झला खड्डा दिसला. खोली ०.६ टक्के. नीट पाहिलं तर टोकाला दोन बारीक दाते, सुमारे आठ मेगाहर्ट्झ अंतरावर. दाण्यांमधला अंतर्गत ताण जालक किंचित वाकवतो त्याची ही खूण. कडीची तार सोडली: खड्डा गेला. जोडली: आला. साधी पूड: नाही. पुन्हा आमची: आला.

मग मात्र ओरडलो. मामा खालून धावत आले, त्यांना वाटलं कुणाला शॉक बसला.

२० जानेवारी

चुंबक जवळ नेला की खड्डा दोन भागांत फुटतो, असं मुलांना सांगून ठेवलं होतं. चुंबक नेला. खड्डा पसरला, उथळ झाला आणि नाहीसा झाला. मुलं माझ्याकडे बघायला लागली.

त्यांना वाटलं प्रयोग बिघडला. तसं नाही. फूट किती पडेल ते चुंबकीय क्षेत्राचा किती वाटा नायट्रोजन ते मोकळी जागा या रेषेवर पडतो त्यावर ठरतं. पुडीतले हजारो दाणे हजार दिशांना तोंड करून पडलेले. प्रत्येकाची फूट निराळी, सगळ्यांची मिळून सरमिसळ. एकच दाणा हवा.

२९ जानेवारी

१५० मायक्रॉनचा एक दाणा उचलायला सगळी सकाळ गेली. चिमट्यात धरला की टिचकी मारल्यासारखा उडतो. दोन असेच जमिनीवर गेले आणि आता ते प्रयोगशाळेच्या फरशीचे कायमचे दागिने आहेत. शेवटी एकीने पापणीचा गळालेला केस टूथपिकला चिकटवला. त्याच्या टोकाने दाणा अलगद आला. आधी तपासून घेतलेल्या डिंकाच्या थेंबावर ठेवला, कडीच्या बरोबर मधोमध.

एक दाणा म्हणजे एकच स्फटिक. पण त्यातही नायट्रोजन-मोकळी जागा ही जोडी चार दिशांपैकी कुठल्याही दिशेला असू शकते, कारण दांड्या चार. म्हणजे एका खड्ड्याचे आठ व्हायला हवेत.

आज सहा दिसले. बहुधा दोन-दोन एकमेकांवर पडलेत. चुंबक किती फिरवायचा याचं गणित उद्या.

५ फेब्रुवारी

आठ.

आतल्या जोडीपासून बाहेर, दोन खड्ड्यांतली अंतरं: ३२, ६६, १०९, १४३ मेगाहर्ट्झ. मोजणारा मुलगा आकडे सांगताना कुजबुजत होता, मोठ्याने बोललं तर खड्डे उडून जातील तसा.

पडताळा असा. कोणतंही क्षेत्र घ्या, हिऱ्याच्या चार बंधदिशांवर त्याचे चार वाटे काढा, त्यांच्या वर्गांची बेरीज नेहमी क्षेत्राच्या वर्गाच्या ४/३ येते. दांड्यांमधला कोन १०९.४७ असला तरच. एका गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) फूट ५.६ मेगाहर्ट्झ. आमच्या चार आकड्यांच्या वर्गांची बेरीज ३७,७१०, तिचे तीन-चतुर्थांश २८,२८२, वर्गमूळ १६८, भागिले ५.६, म्हणजे ३० गॉस. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या हॉल प्रोबने त्याच जागी मोजलं: ३१.

सुताराच्या पाचरेतला २८.३ला १० हा उतार आज मायक्रोवेव्हच्या आलेखातून परत भेटला. ती पाचर मी मागून आणली आहे. भित्तिपत्रकाच्या खाली ठेवणार.

१२ फेब्रुवारी

भित्तिपत्रकांवरून स्टाफरूममध्ये वाद. एका पत्रकात आम्ही रामन यांच्याबद्दल लिहिलंय. हिऱ्याची १३३२ प्रति सेंमीची प्रसिद्ध रेषा १९३० साली सी. रामस्वामी यांनी रामन परिणामानेच शोधली, हे कुणाला खटकलं नाही. खटकलं ते पुढचं. काही हिरे अतिनील प्रकाश अडवतात, काही सोडतात, असे दोन प्रकार १९३४ पासून माहीत होते. कारण माहीत नव्हतं. रामन यांनी १९४४ मध्ये मांडलं, की हिऱ्याच्या मूळ रचनाच चार प्रकारच्या असतात. ते बरोबर नव्हतं. १९५९ साली कायझर आणि बाँड यांनी दाखवलं, की फरक नायट्रोजनचा आहे. जालक तेच, आत पाहुणा आहे की नाही, एवढाच प्रश्न.

सहकाऱ्यांचं म्हणणं, विज्ञान दिन रामन यांच्या शोधाचा, त्याच दिवशी त्यांची चूक कशाला टांगायची? मी पत्रक काढणार नाही. रामन यांनी शेकडो हिरे गोळा करून एकेकाचा उजेड तपासला, हेही त्याच पत्रकात आहे. शिवाय १९ डिसेंबरची आमची पेस्ट शेजारच्याच पत्रकात आहे, फोटोसकट.

२१ फेब्रुवारी

किरकोळ कामं. चष्मे मोजले, लेसरभोवती पुठ्ठ्याची पेटी, मुलांच्या पाळ्या.

एका विद्यार्थ्याची शंका रास्त निघाली: ९६ गोळ्यांत एक दोष म्हणजे शेकडा एक, खरं प्रमाण तर दहा लाखांत तीन. खऱ्या प्रमाणात मॉडेल केलं तर? एका मोकळ्या जागेमागे ३ लाख ३३ हजार गोळे. आमच्या मापाने तो ठोकळा सर्व बाजूंनी ६.२ मीटर, म्हणजे प्रयोगशाळेचं छत फोडून वरच्या वर्गात. सुताराला फोन करून भाव विचारूया, असं सर्वानुमते ठरलं.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

सगळं मांडून झालं. प्राचार्य पाहून गेले, रामन यांच्या पत्रकापुढे जरा वेळ थांबले, बोलले नाहीत.

२८ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

हॉल उघडला तर मॉडेलमध्ये मोकळी जागा नाही. लाल नायट्रोजनच्या शेजारी एक गोळा ऐटीत बसलेला.

मामा पाण्याचा जार ठेवत होते. म्हणाले, "काल झाडताना बघितलं, एक गोळा निघालावता मॅडम. कपाटावरच्या डब्यातला घेतला आन् बसवून टाकला. चार दांड्यातली एकच बसत हुती, मग बाकीच्या तिन्हीला फेविकॉल लावलाय. आता हलत न्हाई."

डब्यातला, म्हणजे त्या वाया गेलेल्या बारांपैकी एक. उद्घाटन साडेनऊला. बारीक करवत आणि ओलं फडकं घेऊन दोघी बसल्यात. एक दांडी तुटली, दुसरी निघतेय.